रेंज गेली तरी वाट सापडते

औंढा नागनाथच्या डोंगरात किंवा इसापूर धरणाच्या काठाने आडवाटेला लागलात आणि मोबाइलची रेंज गेली, तर घाबरू नका. जीपीएसला रेंज लागतच नाही.

सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संकेत आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन आपली जागा काढतो. उघड्या आभाळाखाली ती साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. नेट लागतं ते नकाशासाठी. म्हणून हिंगोलीतून निघण्यापूर्वीच नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

मग वेगळं जीपीएस यंत्र कशाला? मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते. हातातल्या यंत्राला बटणं असतात, पडदा उन्हातही स्पष्ट दिसतो आणि अनेक यंत्रांत साधे पेन्सिल सेल बदलता येतात.

एका दिवसाच्या भटकंतीला फोन आणि पॉवर बँक पुरे. अनेक दिवसांच्या किंवा भर पावसातल्या प्रवासाला यंत्र घ्या, फोन जोडीला ठेवा.

मात्र पांदण रस्त्यावरच्या काळ्या मातीत चाक रुतेल का, हे दोन्ही सांगत नाहीत. ते शेतातल्या माणसालाच विचारा.