सुई सांगते तबकडीची पत

मुरगूड, कागल, निपाणी या पट्ट्यातील जुन्या व्यापारी घरांत माळा आवरताना ध्वनिमुद्रिका हाती लागल्या, तर त्या भंगारात देण्यापूर्वी त्यांची पारख व्हावयास हवी. कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे गायन अशाच तबकड्यांनी जपले. टाकून दिलेली प्रत पुन्हा मिळेलच, याची शाश्वती नसते.

ही पारख साध्या यंत्रावर होत नाही. बोथट सुईवर चांगली व सुमार तबकडी जवळपास सारखीच वाजते. उत्तम टर्नटेबलची बारीक सुई जेमतेम दोन ग्रॅम भाराने खाचेत उतरते, आणि मग प्रत्येक तबकडीची पत उघड होते. एखादी अनपेक्षित खुलते, कारण पूर्वीच्या जाड सुईचा स्पर्श न झालेला खाचेचा भाग नवी सुई वाचते. दुसरी मात्र पूर्वीपेक्षा वाईट वाजते. तेव्हा दोष नव्या यंत्राचा नसतो. झाकलेली झीज उघडी पडलेली असते.

भेद कारखान्यातच सुरू होतो. मूळ मुद्रणावरून धातूचे साचे बनतात व त्यांच्या दाबाने तबकड्या निघतात. साचा झिजत जातो, तशा नंतरच्या प्रती मंदावतात. मधले छिद्र किंचित सरकले असेल, तर लांबवलेला स्वर हेलकावतो. शिवाय ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सुईखालून सरकते, तर आतल्या टोकाला केवळ २१ सेंटिमीटर. म्हणून बाजू संपत आली की सूक्ष्म स्वर अस्पष्ट होऊ लागतात.

दोष नेमका कोणाचा, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. एकाच तबकडीत, त्याच जागी, प्रत्येक वेळी खरखर आली तर दोष तबकडीचा. सर्व तबकड्या शेवटाकडेच बिघडत असतील, तर सुईची बैठक तपासावी. सर्वच तबकड्या सुरुवातीपासून फाटक्या वाजत असतील, तर सुई किंवा यंत्र पाहावे.

खर्चाचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी स्वच्छता, मग नवी सुई, त्यानंतर यंत्र. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावल्यास लाख विरघळते. त्यांची खाच रुंद असल्याने सुमारे तीन सहस्रांश इंचाची वेगळी सुई लागते. झिजलेल्या सुईने वाजविणे सर्वांत महाग पडते, कारण ती दर वेळी खाच कुरतडते आणि गेलेला स्वर कितीही मोलाचे यंत्र परत आणू शकत नाही.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर पाठविलेल्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. त्या तबकडीसोबत ती वाजविण्यासाठी सुईही पाठविली आहे. अंतराळात धाडताना जी दक्षता घेतली गेली, ती घरच्या माळ्यावरील ठेव्यासाठी घेणे फारसे अवघड नाही.