अडलेलें बूच
घरच्या घरीं गाडीचें तेल बदलतांना घ्यावयाची काळजी

नांगर, पाभर व बैलगाडी यांची निगा राखणें हें ज्याप्रमाणें पूर्वीं शेतकऱ्याचें नित्यकर्म होतें, त्याचप्रमाणें आज ट्रॅक्टर व जीप यांची निगा राखणें हेंहि त्याच्या कामांत मोडतें. ठरल्या वेळीं तेल बदलणें हें त्यांतील सर्वांत सोपें काम होय. इंजिनाच्या तेलास अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेंत २५० तासांची मर्यादा सांगितलेली असते. जुनें तेल सोडावें, फिल्टर बदलावा, नवें तेल भरावें, इतकेंच तें आहे. परंतु पुष्कळदां हें सोपें काम एका बोल्टापाशीं येऊन अडतें, आणि तासाभराच्या कामापायीं गाडी दोन दिवस अंगणांत उभी राहते. प्रस्तुत लेखकावर हा प्रसंग एकदां ओढवला होता. तो प्रथम सांगून मग उपाय लिहितों.

टोमॅटोच्या तोडणीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशीं पहाटे माल बाजारांत न्यावयाचा होता, म्हणून आदल्या दुपारीं जुन्या जीपच्या गिअरबॉक्सचें तेल बदलण्याचें मीं मनांत आणलें. या गिअरबॉक्सला दोन बुचें होतीं: एक तळाशीं, तेल सोडण्याचें, दुसरें कुशीस, तेल भरण्याचें व पातळी पाहण्याचें. तळाचें बूच एका हिसक्यांत सुटलें आणि सारें तेल घमेल्यांत उतरलें. मग कुशीचें बूच सोडवूं लागलों, तें जागचें हलेना. दांड्यास नळी लावून जोर केला, तेव्हां हत्यार निसटलें, बुचाच्या चौकोनी खांचेचे कोने झिजले आणि माझ्या बोटांचीं सालें निघालीं. आतां गिअरबॉक्स रिकामा, तेल भरण्यास वाट नाहीं, आणि तशीच गाडी चालविणें म्हणजे आंतील दातेरी चक्रांचा नाश करणें! दुसरी गाडी भाड्यानें मिळेपर्यंत उजाडलें. माल पोंचला तेव्हां लिलाव उरकत आला होता, आणि मिळेल त्या भावानें तो द्यावा लागला.

त्या दिवशीं दुपारीं तालुक्याहून आलेल्या मेकॅनिकनें तें बूच काढलें. त्यानें माझ्याहून अधिक जोर लावला नाहीं. वेळ मात्र अधिक दिला. खांचेंतील वाळलेला चिखल तारेनें कोरून काढला, बुचाच्या कडेस पातळ तेल सोडलें, माथ्यावर हातोडीनें हलके ठोके दिले आणि तो चहा पिण्यास बसला. पुन्हां तेल, पुन्हां ठोके. शेवटीं घट्ट बसेल असा चौकोनी तुकडा खांचेंत ठोकून त्यानें पाना लावला, तेव्हां कुरकुरत बूच फिरलें. जातांना तो म्हणाला, “काका, आधी भरायचं उघडायचं, मग सोडायचं.” या एका वाक्याची किंमत मीं टोमॅटोंच्या भावांत आधींच भरली होती.

पहिला नियम :— तेल भरण्याचें बूच सुटतें अशी खात्री झाल्याखेरीज तेल सोडण्याच्या बुचास हात लावूं नये. वरचें बूच सोडवून हातानें सैल बसवून ठेवावें आणि मगच खालीं वळावें. तें न सुटल्यास काम तेथेंच थांबवावें. तेल जुनें असलें तरी पेटींत आहे, म्हणून गाडी स्वतःच्या चाकांवर दुरुस्तीस जाऊं शकते. रिकाम्या पेटीची गाडी ओढूनच न्यावी लागते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल व पुढील ॲक्सल या सर्वांस हा नियम सारखाच लागू आहे.

बोल्ट कां अडकतो :— याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, त्यामुळें आट्यांमधील बारीक फट भरून जाते आणि नर व मादी आटे एकमेकांस पाचरीसारखे धरून ठेवतात. चिखल, शेणमूत्र व खतांतील क्षार यांनीं हें काम लवकर होतें. दुसरें कारण अतिघट्टपणा. इंजिनाच्या ड्रेन प्लगचे आटे आंतून तेलांत भिजलेलेच असतात, तेव्हां तेथें दोष गंजाचा नसून मागच्या खेपेस ज्यानें नळी लावून बूच आवळलें त्याचा असतो. तिसरें कारण दोन भिन्न धातूंची गांठ. ॲल्युमिनियमच्या पेटींत पोलादी बूच असल्यास ओलाव्यानें ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरते व बूच चिकटतें. कारण ओळखलें म्हणजे उपाय निवडणें सोपें जातें.

पूर्वतयारी :— गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक लावावा, चाकांस पुढें-मागें दगड लावावे, किल्ली काढून खिशांत ठेवावी आणि ट्रॅक्टरचें अवजार जमिनीवर टेंकवावें. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. भक्कम घोडी किंवा जाड लांकडी ठोकळे द्यावे. पाना निसटतो तेव्हां गाडीस धक्का बसतो, हें लक्षांत ठेवावें. तेल सोडण्यापूर्वीं इंजिन थोडें चालवून कोमट करावें. त्यामुळें तेल पातळ होऊन गाळ बरोबर घेऊन उतरतें. शिवाय ॲल्युमिनियम हें पोलादाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून अशा पेटींतील पोलादी बूच उबेनें किंचित् सैल होतें. मात्र तेल कढत असूं नये. त्यानें हात भाजतो.

हत्यार :— बोल्टाचें डोकें बहुधा चुकीच्या पान्यानेंच बिघडतें. सरकता पाना व पक्कड हीं अडलेल्या बोल्टाचीं हत्यारें नव्हेत. सहा कोनांची गोटी सर्वांत उत्तम, कारण ती डोक्याच्या सपाट बाजूंवर जोर देते. बारा खांचांचा रिंग पाना केवळ कोन्यांवर जोर देतो, आणि कोने झिजलेले असल्यास घसरतो. जुन्या जीपच्या व विलायती घडणीच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या बोल्टांचीं मापें इंचांत असतात. पाऊण इंचाच्या डोक्यास १९ मिलिमीटरचा पाना चालतो, कारण तें माप १९.०५ मिलिमीटर भरतें. पण ११/१६ इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर, त्यास १७ चा बसत नाहीं व १८ चा सैल पडतो. “जवळजवळ बसतो” असा पाना म्हणजे डोकें गोल करण्याचें यंत्रच समजावें.

कृति :— प्रथम तारेच्या ब्रशानें डोकें व भोंवतालची जागा लखलखीत करावी. खांचेचें बूच असल्यास खांच तळापर्यंत कोरावी. गंज असेल तेथें गंज सोडविणारें पातळ तेल सोडावें; तें न मिळाल्यास डिझेलहि कांहीं अंशीं उपयोगी पडतें. तळाच्या बुचावर तेल ठरत नाहीं, म्हणून चिंधी भिजवून बांधावी. शक्य तर रात्रभर तसेंच ठेवावें. मग बोल्टाच्या माथ्यावर, पेटीवर नव्हे, हातोडीनें बेताचे ठोके द्यावे. त्या हादऱ्यांनीं गंजाची पकड तुटते. यानंतर पाना पूर्ण बसवून प्रथम किंचित् आवळण्याच्या बाजूस व मग सोडण्याच्या बाजूस फिरवावा. बुचाच्या माथ्याकडे तोंड करून पाहिलें असतां सोडण्याची दिशा घड्याळाच्या कांट्याच्या उलट असते. गाडीखालीं उताणें पडल्यावर हा साधा हिशेब चुकतो आणि जाणता मनुष्यहि सोडण्याऐवजीं आवळीत राहतो.

नळी लावणें सर्वस्वीं वर्ज्य नाहीं, पण तिचें बळ जाणावें. पंचवीस सेंटिमीटरच्या पान्यास पाऊण मीटरची लांबी दिली कीं तेवढ्याच हाताचा पीळ तिप्पट होतो. म्हणून हिसका न देतां सावकाश, आणि शक्यतों आपल्याकडे ओढून जोर लावावा. पाव फेरा फिरून बोल्ट पुन्हां जड झाल्यास मागें फिरवावा, तेल द्यावें व पुन्हां सोडावा. बोल्ट मऊ वाटूं लागला पण सुटला नाहीं, तर तो तुटण्याच्या बेतांत आहे असें समजून थांबावें. तेल व इंधन जवळ असतां ज्वाळेनें तापविण्याचा मोह मात्र कदापि धरूं नये.

डोकें गोल झाल्यास :— किंचित् लहान मापाची गोटी ठोकून बसवावी, अथवा पाइप पान्यानें धरावें. माथा जाड असल्यास कडेस छिन्नीनें खांच पाडून सोडण्याच्या दिशेनें तिरपे ठोके द्यावे. इतक्यानें न सुटल्यास माथ्यावर नट वेल्ड करून काढतात; पण तें काम कारखान्यांतच व्हावें. इंजिनाचा ड्रेन प्लग सुटला नाहीं तरी निराश होऊं नये. तेल मोजण्याच्या कांडीच्या भोंकांतून बारीक नळी घालून हातपंपानें तेल ओढून घेतां येतें. तळचा गाळ थोडा राहतो, तरी पेरणीचे दिवस निभावतात.

परत बसवितांना :— आजचा अडलेला बोल्ट ही मागच्या खेपेची चूक असते. आटे पुसून घ्यावे, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर नवा घालावा, पहिले कांहीं फेरे केवळ बोटांनीं द्यावे आणि पुस्तिकेंत सांगितलेल्या मापानेंच आवळावें. आवळतांना नळी लावूं नये; ॲल्युमिनियमच्या पेटीचे आटे एकदां गेले कीं खर्च कित्येक पटींनीं वाढतो. निघालेलें तेल बांधावर, ओढ्यांत वा विहिरीजवळ न ओततां डब्यांत भरून जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

हें काम हंगाम तोंडावर आल्यावर काढूं नये, हेंच शेवटीं सांगावयाचें. मृगापूर्वीं पंधरा दिवस बूच अडलें तर तें सोडविण्यास रात्री आहेत; पेरणीच्या आदल्या दिवशीं अडलें तर हातीं केवळ जोर उरतो, आणि जोरानें काय होतें तें मीं वर लिहिलेंच आहे.