हसू शब्दांविना, धोका मात्र खरा!

सांगली - सर्कशीच्या तंबूत झुल्यावरचा कलावंत हात सोडतो, तेव्हा प्रेक्षक श्वास रोखून धरतात. त्याच झुल्यावर विदूषक मुद्दाम धडपडतो आणि तंबू हास्याने दुमदुमतो. पडण्याची विद्या ज्याला पूर्ण साधली आहे, तोच असे पडू शकतो. सातारा-सांगलीच्या यात्राजत्रांतून ही नजर घडलेल्या प्रेक्षकाला मूकपटांची गोडी लागण्यास वेळ लागू नये. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. त्यांनी १८८० मध्ये मुंबईत आपली सर्कस सादर केली. पुढे म्हैसाळच्या देवलांच्या सर्कशीनेही नाव मिळविले.

संवाद नसल्याने मूकपटातील नटाला शरीरानेच बोलावे लागे. अशी दृश्ये पाहताना प्रथम कॅमेऱ्याचे अंतर पाहावे. नट नखशिखान्त दिसत असेल आणि दृश्य मध्येच तुटत नसेल, तर कसरत बहुधा त्याचीच असते. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये (१९२८) घराची दर्शनी भिंत बस्टर कीटनवर कोसळते आणि तो उघड्या खिडकीच्या चौकटीतून सहीसलामत बचावतो. भिंत खरोखरच वजनदार होती. चुकीला वाव होता केवळ काही इंचांचा. कीटनच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. खरा विनोद आहे तो या निर्विकारपणात.

युक्ती कोठे संपते व धोका कोठे सुरू होतो, हेही पाहण्यासारखे असते. 'सेफ्टी लास्ट'मध्ये (१९२३) हॅरॉल्ड लॉइड उंच इमारतीवरील घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. त्यासाठी गच्चीवर इमारतीचा देखावा उभारला होता. खालचा रस्ता दिसावा, पण मधली गच्ची दिसू नये, असा कोन कॅमेऱ्याने साधला. तरीही लॉइडचे श्रम खोटे नव्हते. १९१९ मधील एका स्फोटात त्याने उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गमावली होती.

महाराष्ट्रातही ही परंपरा होती. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक मास्टर विठ्ठल हे त्यापूर्वी मूकपटांतील तलवारबाजी आणि साहसदृश्यांसाठी गाजले होते. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीच्या 'दिलेर जिगर' (१९३१) या मूकपटात रस्त्यावर कसरतीचे खेळ करणाऱ्या नायिकेच्या भूमिकेत ललिता पवार दिसतात. त्यांना केवळ खाष्ट सासू म्हणून ओळखणाऱ्या प्रेक्षकांना हे रूप चकित करील.

'दिलेर जिगर' सुदैवाने टिकला. मात्र भारतात तयार झालेल्या हजाराहून अधिक मूकपटांपैकी आज मोजकेच शिल्लक आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोपर्यंत बहुतेक फिती नष्ट झाल्या होत्या. जुन्या नाटकाची संहिता हाती लागली, तर ते पुन्हा उभे करता येते. नटाने घेतलेली उडी मात्र फितीबरोबरच संपते. म्हणूनच जे मूकपट उरले आहेत, ते जाणत्या नजरेने पाहिले जाणे अगत्याचे आहे.