चिखलातील वीज

वाशिष्ठी नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर अंजनवेल हे गाव वसले आहे. जुना गोपाळगड आणि नवे प्रचंड वीजकेंद्र अशी या परिसराची दुहेरी ओळख आहे. या केंद्राचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला. पण विजेच्या दरावरून तंटा होऊन २००१ साली तो बंद पडला. २००६ साली यंत्रे पुन्हा फिरू लागली. परंतु त्यांना लागणारे इंधन काही अंजनवेलच्या भूमीत सापडत नाही. ते दुरून आणावे लागते, आणि ते महागले की वीजही महागते.

अशा गावाच्या पायाशी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काळ्या चिखलातही वीज आहे, असे कोणी सांगितले तर ती थट्टाच वाटेल. पण ती थट्टा नव्हे.

खाडीकाठच्या खारफुटीची पाने गळून चिखलात कुजतात. ती खाऊन जगणारे असंख्य सूक्ष्मजीव तेथे असतात. अन्न पचविताना त्यांच्या शरीरात इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण, मोकळे होतात. हे कण कोणाच्या तरी स्वाधीन केल्यावाचून जगणे पुढे चालत नाही. माणसाच्या शरीरात ते श्वासावाटे आलेल्या प्राणवायूला दिले जातात. चिखलात मात्र थोडे खाली गेले की प्राणवायू संपतो. तेथील काही जीवांनी निराळीच तोड काढली आहे. ते आपले इलेक्ट्रॉन मातीतील गंजासारख्या लोहकणांना देतात. जणू ते लोखंडावरच श्वास घेतात! असा एक जीव १९८७ साली अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. त्याच्या कुळाला पुढे ‘जिओबॅक्टर’ हे नाव मिळाले.

आता लोहकणांच्या जागी ग्राफाइटची एक पट्टी चिखलात पुरावी, दुसरी वरच्या पाण्यात ठेवावी आणि दोन्ही तारेने जोडाव्यात. पेन्सिलीच्या शिशातही हेच ग्राफाइट असते. जीवांनी खालच्या पट्टीला दिलेले इलेक्ट्रॉन तारेतून वर चढतात आणि पाण्यातील प्राणवायूला मिळतात. इलेक्ट्रॉनांचा हा प्रवाह म्हणजेच वीज. सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते, हे इंग्लंडमधील एम. सी. पॉटर यांनी १९११ सालीच दाखविले होते. पण कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

ही वीज असते तरी किती? एका घटाचा दाब सुमारे अर्धा व्होल्ट, म्हणजे विजेरीतील सेलच्या एक तृतीयांश. अंजनवेलच्या केंद्राची क्षमता सुमारे १९६७ मेगावॉट, म्हणजे १९६ कोटी वॉटांहून अधिक. चिखलातील असा लहान घट एक वॉटही देत नाही. तेव्हा या विजेवर कारखाने चालविण्याची स्वप्ने रंगविणे व्यर्थ होय.

मात्र जेथे सेल बदलण्यास वारंवार जाता येत नाही, तेथे ही क्षीण वीजही मोलाची ठरते. त्याच पोटोमॅक नदीत अमेरिकी नौदलाच्या शास्त्रज्ञांनी हवामान नोंदविणारी एक तरंगती बोया गाळातील विजेवर चालविली; तिचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध झाला. दुसरा उपयोग याहून मोठा ठरण्याजोगा आहे. शहरांचे सांडपाणी शुद्ध करताना त्यात हवा सोडावी लागते व त्यासाठी पुष्कळ वीज खर्च होते. या जीवांचे अन्न म्हणजे सांडपाण्यातील घाणच! ती खाऊन ते पाणी निवळतात आणि वर थोडी वीजही देतात. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत यावर संशोधन झाले आहे. घट मोठा केला म्हणून वीज त्या प्रमाणात वाढत नाही, हा यातील खरा अडसर. म्हणून एका मोठ्या घटाऐवजी अनेक लहान घट एकत्र जोडून पाहिले जात आहेत.