पाण्याची परीक्षा

सायकलचे पंक्चर काढणारा कारागीर चाकातून ट्यूब बाहेर काढतो, तीत हवा भरतो आणि ती थोडी थोडी करून पाण्याच्या घमेल्यात बुडवत जातो. जेथून बुडबुडे उठतात तेथे छिद्र आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. गळती शोधण्याची ही रीत इतकी सोपी आहे की तीत आणखी काही समजून घेण्यासारखे असेल असे सहसा वाटत नाही. परंतु ट्यूबच्या बाबतीत एक सोय आपोआप झालेली असते. ट्यूब वर्तुळाकार असते. तिला टोकेच नसतात. हवा आत जाण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वाल्व, आणि तोही आत गेलेली हवा परत येऊ देत नाही. नळाचे तसे नाही. नळ म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी पोकळी. त्यात पाणी कोंडून दाब द्यायचा, तर आधी त्याची टोके बंद करावी लागतात. हे काम वरवर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात नळवाहिनीच्या चाचणीत सर्वांत जास्त काळजी याच कामात घ्यावी लागते आणि हयगय झाली तर माणसे जखमी होण्याची भीतीही येथेच अधिक असते.

नळवाहिनी एकदा जमिनीत पुरली किंवा भिंतीच्या गिलाव्याआड गेली की तिच्यापर्यंत पुन्हा पोहोचणे अवघड होते. न्हाणीघराच्या फरशीखाली एखादा जोड पाझरत असेल, तर तो शोधण्यासाठी चांगली फरशी फोडावी लागते. शेताखालून गेलेली वाहिनी फुटली तर ओल दिसेपर्यंत हजारो लिटर पाणी वाया गेलेले असते. वाहिनीत पाण्याऐवजी ज्वालाग्राही वायू असेल, तर उशीर प्राणावर बेततो. म्हणून वाहिनी वापरात आणण्यापूर्वी, जोड उघडे असतानाच, तिला नेहमीच्या दाबाहून अधिक दाब देऊन पाहतात. किती अधिक, हे वाहिनीचा प्रकार आणि तिला लागू असलेले नियम यांवर ठरते. अनेक ठिकाणी ज्या दाबासाठी वाहिनीची रचना केलेली असते त्याच्या दीडपट दाब देण्याची प्रथा आहे. या परीक्षेला जलदाब चाचणी म्हणतात. नळकाम करणारे कारागीर मात्र ‘टेस्टिंग’ एवढेच म्हणतात.

आता टोकाकडे वळू. कोंडलेल्या पाण्याचा दाब सर्व दिशांना सारखा असतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात दाखवून दिले. नळाच्या भिंतीवर पडणारा दाब नळाची धातू सोसते. टोकाला बसवलेल्या झाकणावरही तोच दाब पडतो आणि तो झाकणाला बाहेर ढकलत असतो. या ढकलण्याचे बळ किती, हे काढणे अवघड नाही. दाबाला झाकणाच्या क्षेत्रफळाने गुणले की उत्तर मिळते. घरातील १५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळाचे तोंड जेमतेम पावणेदोन चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम दाब दिला, तर त्याच्या बुचावर सुमारे १८ किलोग्रॅम बळ येते. आटे पाडलेले साधे बूच ते सहज पेलते. हाच दाब २०० मिलिमीटर व्यासाच्या नळात दिला, तर झाकणावरचे बळ ३,१४० किलोग्रॅम, म्हणजे तीन टनांहून अधिक होते. आणि ६०० मिलिमीटर व्यासाच्या नळात ते २८ टनांच्या पुढे जाते. दाब तोच, पण व्यास चाळीसपट झाल्यावर बळ चाळीसपट नव्हे, सोळाशेपट झाले. तीन आसांची भरलेली मालमोटार एका तबकडीवर रेलून उभी आहे, अशी कल्पना करावी. लहान नळाची चाचणी वर्षानुवर्षे केलेला कारागीर मोठ्या नळापुढे फसतो तो येथेच. दाबमापकाचा काटा त्याच्या ओळखीच्या आकड्यावर असतो, त्यामुळे समोरचे बळ अनोळखी आहे हे लक्षात येत नाही.

टोक बंद करण्याची साधने या बळाच्या मानाने निवडावी लागतात. घरगुती नळांना आटे पाडलेले बूच किंवा टोपी पुरते. आट्यांवर पूर्वी सफेदा लावून ताग गुंडाळत, आता टेफलॉनची पांढरी पट्टी वापरतात. मोठ्या लोखंडी नळाच्या टोकाला कड, म्हणजे फ्लँज, असेल तर तिच्यावर बिनछिद्राची जाड तबकडी ठेवून, मध्ये गॅस्केट घालून, सभोवार बोल्ट आवळतात. हे बोल्ट ओळीने आवळत गेल्यास तबकडी एका बाजूने आधी बसते आणि गॅस्केट दुसऱ्या बाजूला सैल राहते. म्हणून एक बोल्ट आवळला की त्याच्या बरोबर समोरचा आवळावा, आणि सर्व बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे करून घट्ट करावेत. पोलादी नळांवर कधी घुमटाकार टोपी वेल्डिंगने जोडतात आणि चाचणीनंतर ती कापून काढतात. खर्च होतो, पण मोठ्या दाबाला तिच्याइतका भरवसा दुसऱ्या साधनाचा नाही.

टोकाला ना आटे ना कड, अशा साध्या कापलेल्या नळासाठी रबरी विस्तार-बूच वापरतात. त्याची रचना मोठी युक्तीची आहे. दोन लोखंडी तबकड्यांमध्ये जाड रबराचे कडे असते. मधला बोल्ट आवळला की तबकड्या जवळ येतात, रबर चेपले जाऊन बाहेर फुगते आणि नळाच्या आतील भिंतीला घट्ट भिडते. पाणी अडते. परंतु हे बूच केवळ घर्षणाने जागेवर राहिलेले असते. नळाची आतील बाजू ओली, तेलकट वा गंजाने खपल्या धरलेली असेल, तर घर्षण कमी पडते आणि बूच तोफेच्या गोळ्यासारखे बाहेर फेकले जाऊ शकते. यासाठी बसवण्यापूर्वी नळ आतून पुसून कोरडा करावा, बुचावर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे दाब देऊ नये आणि बुचाला बाहेरून टेकू द्यावा. काही बुचांना दातेरी जबडे असतात. दाब जसा वाढतो तसे ते नळाला अधिकच चावून धरतात.

टेकूचा प्रश्न पुरलेल्या पाणीवाहिन्यांत विशेष महत्त्वाचा ठरतो. वेल्डिंग केलेले पोलादी नळ एकमेकांना धरून असतात. पण ज्या नळांचे जोड एकाच्या तोंडात दुसरा घालून, मध्ये रबरी कडे ठेवून केलेले असतात, ते पाणी अडवतात, ओढ सोसत नाहीत. टोकावरील टनावारी बळ अशा वाहिनीचे जोडच उसकटून काढते. म्हणून टोकामागे काँक्रीटचा ठोकळा किंवा लाकडी-लोखंडी धिरा उभारतात आणि त्याची पाठ चराच्या न खणलेल्या, घट्ट मातीला टेकवतात. भराव घातलेल्या मातीला टेकवलेला धिरा दाब येताच मागे सरकतो. वाहिनी जेथे वळते तेथेही पाणी नळाला बाहेरच्या बाजूस ढकलते, म्हणून वळणांनाही ठोकळे लागतात. काँक्रीट पुरेसे पक्के होण्याआधी चाचणीची घाई करणे म्हणजे ठोकळा न बांधण्यासारखेच.

या साऱ्या खटाटोपात पाणीच का वापरावे, हवा का नको, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. हवेने काम कमी होते, ओल होत नाही, आणि सायकलच्या ट्यूबमध्ये तर हवाच भरतात. उत्तर दाबल्या जाण्याच्या गुणात आहे. पाणी जवळजवळ दबत नाही. एक हजार लिटर पाण्यावर दहा वातावरणांचा दाब दिला, तर ते सुमारे अर्ध्या लिटरने आकसते. म्हणून नळ फुटला किंवा बूच निसटले तर थोडेसे पाणी बाहेर येताच दाब ओसरतो. हवेची गोष्ट उलटी आहे. तेवढाच दाब गाठण्यासाठी हजार लिटरच्या जागेत आणखी दहा हजार लिटर हवा कोंबावी लागते. ती आवळलेल्या स्प्रिंगसारखी असते. वाट मिळताच सर्व शक्तीनिशी उसळते आणि बुचासह, फुटलेल्या तुकड्यांसह दूरवर आघात करते. यामुळे हवेची चाचणी अगदी कमी दाबापुरती, किंवा पाणी वापरणे शक्यच नसेल तेथे विशेष खबरदारीने करतात. स्वयंपाकघरातील गॅसच्या जोडावर साबणाचे पाणी लावून फुगे येतात का पाहणे, हा त्याच घमेल्यातील बुडबुड्यांचा धाकटा भाऊ. तेथे काडी ओढून पाहण्याचा मोह मात्र कधीही होऊ देऊ नये.

हवा धोक्याची असल्यामुळे पाणी भरतानाही ती नळात मागे राहू नये, हे पाहावे लागते. पाणी सखल टोकाकडून हळूहळू भरतात आणि सर्वांत उंच ठिकाणी एक लहान तोटी उघडी ठेवतात. पाणी वर चढते, हवा पुढे ढकलली जाते, आणि तोटीतून फुसफुस थांबून सलग धार येऊ लागली की ती बंद करतात. हवा शिल्लक असेल तर पंपाचा दांडा कितीही मारला तरी दाब आळसावल्यासारखा चढतो. जाणता कारागीर एवढ्यावरून ओळखतो आणि पुन्हा तोटी उघडतो.

पुढे दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात, प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहतात, आणि ठरलेला दाब आल्यावर पंप बंद करून वाट पाहतात. ही प्रतीक्षा वाहिनीच्या प्रकारानुसार काही तासांची, तर लांब पल्ल्याच्या वायुवाहिनीत पूर्ण दिवसाचीही असते. काटा स्थिर राहिला तर वाहिनी उत्तीर्ण, खाली आला तर अनुत्तीर्ण, असा ढोबळ हिशेब कोणीही सांगेल. परंतु काटा नेहमी खरे बोलतोच असे नाही. दुपारी उन्हात तापलेल्या नळातील पाणी रात्री थंड होऊन आकसते आणि गळती नसतानाही दाब उतरतो. सकाळी ऊन पडले की तो चढतो, आणि त्या चढण्याखाली एखादी बारीक गळती झाकली जाते. प्लॅस्टिकचे नळ दाबाखाली किंचित फुगतात, तेव्हाही काटा खाली येतो. टोकाला खास झाकण न बसवता वाहिनीवरचा नेहमीचा व्हॉल्व्हच बंद करून चाचणी केली, तर त्या व्हॉल्व्हमधून झिरपणारे पाणी वाहिनीची गळती म्हणून मोजले जाते. म्हणून दाबाबरोबर तापमानाची नोंद ठेवतात आणि प्रत्येक जोडावरून कोरडे फडके फिरवून पाहतात. चढावरच्या वाहिनीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दर १० मीटर उंचीमागे दाबात सुमारे १ किलोग्रॅमचा फरक पडतो. घाट चढणाऱ्या वाहिनीच्या माथ्यावर पुरेसा दाब दिला, तर पायथ्याचा नळ सोसण्यापलीकडे ताणला जाऊ शकतो. अशा वाहिनीचे उंचीप्रमाणे भाग पाडून, प्रत्येक भागाची टोके स्वतंत्रपणे बंद करून, निरनिराळी चाचणी घेतात.

एवढा व्याप टाळला तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. कॅलिफोर्निया राज्यातील सॅन ब्रूनो या गावात ९ सप्टेंबर २०१० रोजी संध्याकाळी जमिनीखालील ३० इंच व्यासाची वायुवाहिनी फुटली आणि आगीचा लोळ उठला. आठ माणसे मृत्युमुखी पडली, ३८ घरे नष्ट झाली. फुटलेला भाग १९५६ साली टाकलेला होता. त्यात नळाचे काही आखूड तुकडे जोडलेले होते आणि त्यांचा लांबीच्या दिशेचा जोड फक्त बाहेरून, तोही अपुरा, वेल्ड केलेला होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो पक्काच दिसला असता. दुर्घटनेच्या वेळी वाहिनीतील दाब ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतच होता. या भागाची जलदाब चाचणी कधी झालीच नव्हती. १९७० साली नव्या वाहिन्यांना चाचणी सक्तीची झाली, तेव्हा जुन्या वाहिन्यांना सूट देण्यात आली होती. वाहिनी टाकतानाच पाण्याची चाचणी झाली असती तर हा दोष बहुधा तेव्हाच उघड झाला असता, असे चौकशी मंडळाने नोंदवले. तेव्हा चरात पाणी सांडले असते, इतकेच. चोपन्न वर्षे लोक त्या नळावर घरे बांधून राहत होते.

चाचणी यशस्वी झाल्यावर सर्वांचे लक्ष उडते, आणि नेमके तेव्हाच टोक उघडायचे असते. बुचाच्या किंवा झाकणाच्या समोर कोणी उभे राहू नये, हा नियम दाब चढवताना जितका पाळायचा तितकाच उतरवतानाही. आधी दाब सावकाश सोडावा. काटा शून्यावर आला म्हणजे आत दाब नाही असे मानू नये, कारण मापक बिघडलेला असू शकतो किंवा त्याची बारीक नळी गाळाने तुंबलेली असू शकते. वरची तोटी उघडून तेथून पाणी उसळत नाही, हे डोळ्यांनी पाहावे. मोठ्या पातळ भिंतीच्या नळातून पाणी सोडताना ही तोटी उघडी असणे दुसऱ्या कारणानेही आवश्यक असते: हवा आत आली नाही तर आत निर्वात पोकळी होऊन नळ बाहेरच्या हवेच्या दाबाने चेपू शकतो. त्यानंतर बाजूला उभे राहून झाकणाचे बोल्ट सैल करावेत, पण काढू नयेत. कडेने राहिलेले पाणी झिरपून थांबले, झाकण हाताने हलले, की मगच शेवटचा नट फिरवावा.