घरगुती फ्रिज व फ्रीझरमधील मांसाची सुरक्षित साठवण : सिन्नर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : मांस, शीतसाठवण, जिवाणू, गोठण, अन्नसुरक्षा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील अनेक मांसाहारी कुटुंबांत बुधवार, शुक्रवार व रविवार हे मटण-चिकनचे वार मानले जातात. सकाळी खाटकाकडून आणलेले मांस त्याच दिवशी शिजवून संपविण्याची पूर्वापार पद्धत असल्याने साठवणीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. अधिक असलेले मांस वाळविले जाई. मराठवाड्यातील दलित समाजात वाळविलेल्या मांसाच्या तुकड्यांना 'चान्या' म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने या खाद्यसंस्कृतीची नोंद घेतली आहे. पाण्याचा अंश काढून घेतला की जिवाणूंची वाढ थांबते, हे तत्त्व त्यामागे आहे.

फ्रिज घरोघरी आल्यावर ही परिस्थिती पालटली. सिन्नरसारख्या गावात माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारे कामगार आणि नोकरदार दांपत्ये यांना रोज बाजार करणे शक्य होत नाही. रविवारी आणलेले मांस पुढे काही दिवस पुरविणे त्यांना सोयीचे ठरते. गटारी किंवा बकरी ईदच्या वेळी तर एकाच दिवशी पुष्कळ मांस घरात येते. अशा वेळी 'फ्रिजमध्ये ठेवले म्हणजे सुरक्षित झाले' ही समजूत धोकादायक ठरू शकते. फ्रिज मांस निर्जंतुक करीत नाही. तो बिघडण्याची क्रिया केवळ मंद करतो. हे तत्त्व व त्यातून निघणारे व्यवहाराचे नियम स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. तापमान आणि जिवाणूंची वाढ :

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ५ ते ६० अंश सेल्सिअस हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा होय. अनुकूल तापमानात काही जिवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. म्हणून मांस दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असल्यास ही मर्यादा एक तासाची मानावी. एप्रिल-मे महिन्यांतील सिन्नरच्या उन्हात हा एक तास बाजारातून घरी येईपर्यंतच संपू शकतो. त्यामुळे मांसाची खरेदी सर्वांत शेवटी करणे इष्ट.

वासावरून मांसाची परीक्षा करण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु वास आणणारे जिवाणू व आजार आणणारे जिवाणू हे बहुधा वेगवेगळे असतात. साल्मोनेला वाढलेल्या मांसाला वास येईलच असे नाही. लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रिजच्या तापमानातही हळूहळू वाढतो. स्टॅफिलोकोकस ऑरियसने निर्माण केलेले विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही. 'नीट शिजवले की झाले' हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे.

२. फ्रिजमधील साठवण :

भारतीय अन्नसुरक्षा नियमांत शीत साठवणीसाठी ५ अंश किंवा त्याहून कमी व गोठविलेल्या अन्नासाठी उणे १८ अंश किंवा त्याहून कमी तापमान अपेक्षित आहे. फ्रिजचे तापमान ४ अंशांपर्यंत असल्यास चिकन, खिमा व कलेजी एक ते दोन दिवस, मटणाचे मोठे तुकडे तीन ते पाच दिवस आणि शिजविलेले मांस तीन ते चार दिवस ठेवता येते. खिम्यात पृष्ठभागावरील जिवाणू सर्वत्र मिसळले जात असल्याने त्याची मुदत कमी असते.

कच्चे मांस झाकणाच्या डब्यात सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, जेणेकरून त्यातील पाणी दूध, कोशिंबीर अशा न शिजविता खाण्याच्या पदार्थांवर गळणार नाही. पातेलेभर रस्सा तसाच ओट्यावर निवत ठेवणेही योग्य नव्हे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू शिजविल्यानंतरही टिकतात आणि सावकाश निवणाऱ्या रश्शात वेगाने वाढतात. रस्सा उथळ भांड्यांत विभागून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.

३. गोठण :

गोठविल्याने जिवाणूंची वाढ थांबते. मात्र बहुतेक जिवाणू मरत नाहीत, वितळताच पुन्हा वाढू लागतात. उणे १८ अंशांस मांस दीर्घकाळ सुरक्षित राहते. या तापमानासाठी सांगितली जाणारी मुदत (खिम्यासाठी तीन ते चार महिने, चिकनच्या तुकड्यांसाठी सुमारे नऊ महिने) ही मुख्यतः चव व पोत यांच्याशी संबंधित आहे.

येथे एक बाब लक्षात घेणे अत्यावश्यक आहे. बर्फाच्या कप्प्यासाठी असलेल्या तारांकनानुसार एक तारा म्हणजे उणे ६, दोन तारे म्हणजे उणे १२ व तीन तारे म्हणजे उणे १८ अंश. विजेच्या बचतीचे तारे निराळे. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत पोहोचत नसेल, तर वरील महिन्यांची मुदत त्याला लागू पडत नाही. असे मांस शक्य तितक्या लवकर वापरावे.

आपल्याकडे मांस बहुधा कापल्यानंतर थोड्याच वेळात विकत घेतले जाते. स्नायू ताठरण्यापूर्वीच ते अतिथंड झाल्यास आकसून चिवट होते. न्यूझीलंडमध्ये लॉकर व हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये गाईच्या मांसाबाबत हा परिणाम नोंदविला. यास्तव ताजे मटण लगेच फ्रीझरमध्ये न टाकता प्रथम एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग गोठविणे हितावह. मात्र ते मऊ राहावे म्हणून बाहेर ठेवणे योग्य नाही. एका वेळच्या स्वयंपाकापुरत्या चपट्या पुड्या करून त्यांतील हवा काढावी आणि त्यांवर तारीख लिहावी.

४. वितळविणे व खंडित वीजपुरवठा :

गोठविलेले मांस ओट्यावर ठेवल्यास आतील भाग गोठलेला असतानाच पृष्ठभाग धोक्याच्या पट्ट्यात येतो. म्हणून ते आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवावे. बाहेर वितळलेले मांस पुन्हा गोठवू नये.

२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. वादळपावसात वीज आजही जाते. दार न उघडल्यास फ्रिज सुमारे चार तास, पूर्ण भरलेला स्वतंत्र फ्रीझर सुमारे ४८ तास व अर्धा भरलेला २४ तास थंडावा टिकवितो. फ्रिजमधील लहान कप्प्यात हा काळ पुष्कळच कमी असतो. घराबाहेर जाताना वाटीतील गोठलेल्या पाण्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे तळाशी गेलेले आढळल्यास बर्फ मध्यंतरी वितळला होता असे समजावे व मांस टाकून द्यावे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मांसाची सुरक्षितता फ्रिज असण्यावर नव्हे, तर तापमान व काळ यांच्या हिशेबावर अवलंबून आहे. हा काळ खाटकाच्या दुकानापासूनच मोजावा लागतो. फ्रिज त्याची गती कमी करतो, गेलेला वेळ परत देत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेला साधा तापमापक आणि पुडीवर लिहिलेली तारीख ही या हिशेबाची अल्पखर्ची साधने होत. गृहविज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांच्या अध्यापनात त्यांचा समावेश झाल्यास हे ज्ञान विद्यार्थ्यांमार्फत स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू शकेल.