रिव्हरवरची मोठी बेट: कॉल करायचा की पत्ते टाकायचे?

नेट-सेटची तयारी करताना बेजचा नियम पाठ होतो, पण तो वापरायचा कुठे हे कळत नाही. आज तो पोकरच्या टेबलावर वापरून बघू. पैसे लावून खेळा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली आहे. आपल्याला हवंय त्यातलं गणित.

दिवाळीत तीन पत्ती खेळली असेल तर ब्लफ म्हणजे काय ते सांगायला नको. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडे. पाचवा पत्ता म्हणजे रिव्हर. (कसिनोच्या बोटी असतात ती पणजीची मांडवी नव्हे, आणि आपली कळव्याची खाडीही नव्हे!) त्यानंतर नवा पत्ता येत नाही, फक्त शेवटची बेट उरते.

समजा टेबलावर इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट छक्की, किलवर दुर्री आणि बदाम तिर्री आहे. तुमच्या हातात बदाम राजा आणि बदाम राणी, म्हणजे राजांची जोडी. पॉटमध्ये ६,००० चिप्स आहेत आणि समोरचा आणखी ६,००० लावतो. आता काय?

पहिला प्रश्न "मी जिंकतोय का?" हा नाही. पहिला प्रश्न किमतीचा. तुम्ही ६,००० घालून १२,००० मिळवू पाहताय. म्हणजे ६,००० भागिले १८,०००, साधारण ३३ टक्के. तीनपैकी एकदा जरी तो ब्लफ करत असेल, तरी कॉल परवडतो.

दुसरा प्रश्न: तो खरंच किती वेळा ब्लफ करत असेल? चेहरा बघू नका, मोजा. सोपं जावं म्हणून त्याचे मोजकेच हात धरू. तुम्हाला हरवणारे: नव्वी, छक्की किंवा दुर्रीची जोडी हातात असलेले (प्रत्येकी ३ प्रकारे, एकूण ९) आणि एक्का-राजा (उरलेले २ राजे गुणिले ४ एक्के, म्हणजे ८). झाले १७. ब्लफ म्हणजे फ्लशची वाट बघून फसलेले इस्पिकचे हात: एक्क्याबरोबर राणी, गुलाम, दश्शी किंवा पंजी, शिवाय राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी आणि अठ्ठी-सत्ती. एकूण ८.

२५ पैकी ८ म्हणजे ३२ टक्के. हवे होते ३३. म्हणजे पत्ते टाका, पण अगदी थोडक्यात.

आता गंमत बघा. तुमची राणी बदामाची नसून इस्पिकची असती तर? जोडी तीच, ताकद तीच. पण इस्पिक राणी तुमच्याकडे असल्यामुळे त्याचे तीन ब्लफ शक्यच राहत नाहीत. उरले २२ पैकी ५, जेमतेम २३ टक्के. आता बिनधास्त टाका. तुमच्या हातातला पत्ता हासुद्धा डेटा आहे.

उलट, त्याच्या यादीत एकच ब्लफ वाढवा: २६ पैकी ९, जवळपास ३५ टक्के. आता कॉल! एका गृहीतकाने उत्तर फिरलं. अशा वेळी "कॉल बरोबर" किंवा "कॉल चूक" असं ठासून सांगणं अप्रामाणिक आहे. उत्तर कोणत्या गृहीतकावर टिकून आहे ते सांगायचं. थिसिसच्या चर्चा प्रकरणातही परीक्षक हेच शोधतात.

हा काठावरचा आकडा योगायोग नाही. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या त्यांच्या पुस्तकात पोकरचं सोपं रूप घेऊन दाखवलं होतं की ब्लफ हा तर्कशुद्ध खेळाचाच भाग आहे. पॉटएवढी बेट लावणारा चोख खेळाडू एक तृतीयांश वेळा ब्लफ करतो, म्हणजे तुम्ही काहीही केलंत तरी सरासरी तीच.

आणखी एक. ३५ टक्क्यांवर केलेला योग्य कॉलसुद्धा तीनपैकी जवळपास दोनदा हरतो. म्हणून एका निकालावरून निर्णय तोलू नका. प्रयोग फसला म्हणजे तो करायचा निर्णय चुकीचा होता असं नाही, आणि जमला म्हणजे बरोबर होता असंही नाही. निर्णय घेतानाच वहीत तीन ओळी लिहून ठेवा: किती टक्के हवे होते, किती वाटले, कशावरून. नंतर तपासायच्या त्या ओळी.

आता तुमची पाळी. तोच हात, पण बेट १२,००० ची. हरवणारे हात १७ च असतील, तर कॉल परवडायला निदान किती ब्लफ हवेत? (उत्तर १२. कसं, ते कागदावर काढून बघा.)